उरलेलं कुठं गेलं?

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझी मेल रात्री पावणेदोनला आलेली दिसते. असल्या वेळी मेल लिहू नये, झोपावं. पण मीही तुझ्या वयात लिहिलीच असती. आमच्या वेळी आंतरदेशीय पत्र असायचं, रात्री लिहिलेलं सकाळी फाडता यायचं, एवढाच फरक.

तीन पानं लिहिलीस. गाइड म्हणतात एन्झाइमकडे वळ. बरोबरचे दोघे कोडिंग शिकून बंगलोरला गेले. घरी विचारतात, अजून किती वर्षं. आणि सगळ्यात शेवटी ते वाक्य : "मॅडम, स्टेरॉइडमध्ये आता काय उरलंय?" सोबत एनएमआरची (रेणूची रचना सांगणाऱ्या आलेखांची) चार पानं, टीएलसीचा, म्हणजे सिलिकाच्या पट्टीवर घटक वेगळे करायच्या चाचणीचा, मोबाइलवर काढलेला फोटो, आणि त्याखाली एक ओळ : "यील्ड ४१ टक्के, बाकी डीकम्पोझिशन."

मुला, तुझ्या तीन पानांतली मला झोप लागू न देणारी ओळ ही आहे. बंगलोरची नव्हे. बाकी डीकम्पोझिशन! स्टेरॉइड म्हणजे काय कापूर आहे, हवेत उडून जायला? चार रिंगांचा दगड आहे तो. तू एक ग्रॅम टाकलास, ४१ टक्के हातात आलं. मग उरलेलं कुठं गेलं?

हा एकच प्रश्न मी आयुष्यभर विचारत आले आणि ज्या दोन वेळी विचारायला हवा होता त्या दोन्ही वेळी गिळून बसले. म्हणून आज तुला छळणार आहे. वाच.

आधी तुझंच बघू. एस्ट्रोनचा मिथाइल ईथर घेतलास, १७ नंबरच्या कार्बनवरच्या कीटोनला अमिनोमिथाइल पिरिडिन लावून इमिन केलंस, म्हणजे गळ अडकवला. त्या गळाला कॉपर, कॉपरवर ऑक्सिजन, आणि तो जवळच्या १२ नंबरच्या सी-एचमध्ये, म्हणजे कार्बन-हायड्रोजन बंधात, जाऊन बसतो. ज्या जागी काहीही नाही, नुसता हायड्रोजन, तिथं हायड्रॉक्सिल. जर्मनीत ब्रूनो शोनेकरनी हे २००३ च्या सुमारास दाखवलं. आम्हाला कॉलेजात कुणी सांगितलं असतं की बारावर एका पायरीत हायड्रॉक्सिल बसतो, तर आम्ही त्याला चहा पाजून घरी पाठवला असता.

आता त्या कामाची खरी गंमत. कॉपर-वन आणि ऑक्सिजन घेऊन केलं, तर यील्ड ५० च्या पुढं सरकत नसे. का? त्यांनी मांडलेलं चित्र असं होतं : दोन कॉपर, त्यांना धरून बसलेले दोन स्टेरॉइड, आणि मध्ये ऑक्सिजनचा एक रेणू. त्यातला एक अणू एका स्टेरॉइडमध्ये घुसतो, दुसरा पाणी होऊन जातो. दोघांतल्या एकालाच हायड्रॉक्सिल मिळतो, दुसरा जसा आला तसा परत. म्हणजे कमाल ५०. हे चित्र दिसायचं तर उरलेलं अर्धं कच्च्या मालाच्या रूपात परत मिळतंय हे मोजलेलं असावं लागतं. ते "डीकम्पोझिशन" म्हणून बाटलीत ओतलं असतं तर कुणालाच काही दिसलं नसतं. पुढं २०१५ मध्ये कॅलिफोर्नियात फिल बॅरनच्या गटानं कॉपर-टू घेऊन त्यात ॲस्कॉर्बेट टाकलं, म्हणजे आपलं लिंबातलं क जीवनसत्त्व, सोडियमच्या मिठाच्या रूपात. खर्ची पडलेलं कॉपर पुन्हा कामाला लागतं, आणि ५० ची भिंत पडते.

तुझे ४१ या हिशेबात बसव. तू ॲस्कॉर्बेट घातलेलं नाहीस, तुझ्या प्रोसीजरमध्ये कुठंच नाही. म्हणजे कमाल ५० आणि तुझे ४१, ही ८२ टक्के वसुली झाली. रडतोस कशाला? आणि आता तो टीएलसीचा फोटो. मी मोठा करून बघितला. वरचा भाग कापला आहेस. खाली मूळ रेषा दिसते, मध्ये तुझा लाडका स्पॉट दिसतो, त्याला पेन्सिलीनं गोल केलंय, आणि त्याच्या वर फोटो संपतो. मुला, कच्चा माल वरच पळतो. त्याला हायड्रॉक्सिल नाही, तो सिलिकाला चिकटणार कशाला? जे उरलं ते तू कात्रीनं कापून मला पाठवलंस.

रागावले नाही. रागावले, पण तुझ्यावर थोडी आणि माझ्यावर जास्त, कारण ही कात्री मी ओळखते.

मी मुंबईत पीएचडीला होते तेव्हा बार्टनच्या नाइट्राइट प्रकाश-अभिक्रियेचं भूत सगळ्यांच्या मानगुटीवर होतं. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ बार्टननी १९६० मध्ये ती वापरून १८ नंबरच्या मिथाइलला, ज्याला कुणी हात लावू शकत नव्हतं त्याला, उघडून दाखवलं. मिलिग्रॅमच्या गप्पा चालायच्या तिथं अल्डोस्टेरॉन ॲसिटेट ग्रॅमांनी केलं. मीही माझ्या रेणूवर करायला निघाले. पिरिडिनमध्ये नाइट्रोसिल क्लोराइड घालायचं, पाण्यात ओतून नाइट्राइट गाळायचा, सुकवायचा, बेंझिनमध्ये विरघळवून पारा-दिव्याखाली ठेवायचा. ऑक्झाइम आपोआप स्फटिक होऊन खाली बसतो. फार सुंदर दिसतं. यील्ड आलं २२ टक्के.

मी ११ वेळा केलं. दिवा बदलला. पायरेक्सची नळी बदलली. नायट्रोजन जास्त वेळ सोडला. २२, १९, २३, २१. प्रत्येक वेळी ऑक्झाइम गाळायचा, पेट्रीडिशमध्ये पसरायचा, कौतुकानं बघायचा, आणि एमएल... मदर लिकर, गाळल्यावर उरलेलं द्रव... टाकाऊ बाटलीत. थीसिसमध्ये २३ लिहिलं. कुणी विचारलं नाही. व्हायव्हात बाहेरचे परीक्षक होते, त्यांनीही चहा घेतला आणि शुभेच्छा दिल्या.

नंतर माझ्या बाकावर बसलेल्या ज्युनिअरला कपाटाच्या मागं माझा एक फ्लास्क सापडला, लेबल लावलेला, बुचावर कागद बांधलेला. तिनं त्याचा कॉलम केला, म्हणजे सिलिकाच्या नळीतून सोडून घटक वेगळे केले. निम्म्याहून जास्त काय निघालं? मूळ अल्कोहोल. जिथून सुरुवात केली तेच. जुलै महिना, भिंतींना पाणी सुटलेलं, माझा नाइट्राइट नीट सुकतच नव्हता. त्यात पिरिडिनच्या मिठाचा आंबटपणा राहिलेला, तो दिव्याखाली जायच्या आधीच अर्धा परत फिरत होता. दिव्याचा काही दोष नव्हता. दोष डेसिकेटरचा, माल सुकवायच्या भांड्याचा होता. मी ११ वेळा दिवा पुसला आणि एकदाही उरलेलं कुठं गेलं हे विचारलं नाही. दीड वर्ष गेलं त्यात. तुझ्या चार पानांच्या एनएमआरमध्ये एमएलचा एनएमआर कुठं आहे? शोधते आहे, नाही.

घरी लोणी कढवलं की तूप गाळून बेरी फेकून देणारी बाई बघितली आहेस? साखर घालून पोरांना देतात, नाहीतर पोळीत घालतात. आणि शिवाय बेरी बघूनच कळतं लोणी जुनं होतं की ताजं, आच जास्त लागली की कमी. स्वयंपाकघरात हे कुणी शिकवावं लागत नाही. प्रयोगशाळेत आलो की सगळे जहागीरदार होतो.

आता तुझा प्रश्न, स्टेरॉइडमध्ये काय उरलंय. या विषयाचा इतिहासच उरलेल्याचा आहे. हाइनरिख वीलांड आणि अडोल्फ विंडाउस या दोघांना १९२७ आणि १९२८ ची नोबेल मिळाली, पित्ताम्लं आणि स्टेरॉलवरच्या कामासाठी. त्यांनी जी रचना मांडली ती चुकीची होती. आणि गंमत म्हणजे दोन कार्बन कुठं बसवायचे हे तेव्हाच ठरत नव्हतं. बेरीज जुळत नव्हती. १९३२ मध्ये बर्नालनी एक्स-रेनं एर्गोस्टेरॉलच्या कुळातले स्फटिक मोजले, रेणू लांब आणि चपटा निघाला, त्या जुन्या रचनेत मावेना. त्याच वर्षी रोझेनहाइम आणि किंगनी नवा सांगाडा सुचवला. आज तू जो डोळे मिटून काढतोस तो.

सोयाबीनचं बघ. तेलातून दोन स्टेरॉल मुख्य निघतात, स्टिग्मास्टेरॉल आणि सिटोस्टेरॉल. स्टिग्मास्टेरॉलच्या शेपटीत २२ नंबरला एक दुहेरी बंध आहे, ओझोननं तिथं कापता येतं, मग प्रोजेस्टेरॉनकडे रस्ता खुला. पर्सी ज्युलियननी शिकागोत या सोयाबीनच्या स्टेरॉलवर हार्मोनचं उत्पादन उभं केलं. सिटोस्टेरॉलच्या शेपटीत तो बंध नाही. बाकी सगळं तेच. तेवढ्यासाठी तो वर्षानुवर्षं निरुपयोगी, रसायनवाल्यांना पकडायला जागाच नाही. आणि प्रमाणात तोच जास्त! मग १९७० च्या दशकात मायकोबॅक्टेरियमची अशी वाणं सापडली, तयार केली गेली, जी शेपटी खातात आणि रिंगा फोडायच्या आधी थांबतात. जंगली जिवाणू सगळंच खाऊन टाकतो. रिंग उघडणारं एन्झाइम बंद पाडलं की ॲण्ड्रोस्टीनडायोन साचत जातं. एडी, एडीडी, ९-हायड्रॉक्सी-एडी, आज बाजारात फिरणाऱ्या स्टेरॉइडचा मोठा हिस्सा यातून सुरू होतो. सोयाबीन तेलाचा वास काढताना जो चिकट गाळ निघतो त्यातून. लातूरकडचा असशील तर तुझ्या घराच्या आसपासच निघत असेल. उरलेलंच ते.

म्हणून गाइड एन्झाइमकडे वळ म्हणतात त्यात चूक काही नाही. वळ की. पण बुरशी घेतलीस तरी प्रश्न तोच राहील. १९५२ मध्ये अपजॉन या औषध कंपनीच्या पीटरसन आणि मरेनी ऱ्हायझोपस, पावावरच्या बुरशीची जातवाली, प्रोजेस्टेरॉनवर सोडली आणि ११ नंबरला हायड्रॉक्सिल मिळवला. त्याआधी मर्कमध्ये सॅरेटना बैलाच्या पित्तापासून कॉर्टिसोन करायला तीसेक पायऱ्या चढाव्या लागल्या होत्या. पण बुरशीनं हायड्रॉक्सिल अल्फा दिला, म्हणजे रिंगांच्या खालच्या बाजूला; शरीराला हवा बीटा, वरच्या बाजूला. उलट्या तोंडाचा.

तिथून पुढची गोष्ट मला फार आवडते, त्यामुळे ती लांबणार. स्क्विबमध्ये जोसेफ फ्रीड आणि एमिली सॅबो यांना हा अल्फा बीटा करायचा होता. सरळ रस्ता : पाणी काढून ९ आणि ११ मध्ये दुहेरी बंध आणायचा, त्यावर हायपोब्रोमस ॲसिड चढवायचं. मग ९ वर ब्रोमीन, ११ वर बीटा हायड्रॉक्सिल. ब्रोमीन नंतर काढून टाकायचा. तो नुसता पायरीचा दगड, कुणालाच नको असलेला. त्यांनी तो दगड फेकला नाही, तपासायला दिला. काही प्रमाणात काम करत होता! मग ब्रोमीनच्या जागी क्लोरीन बसवला, जास्त. फ्लोरीन बसवला, कॉर्टिसोनच्या सुमारे दहापट. अणू लहान होत गेला तशी ताकद वाढत गेली. हे १९५३-५४. तोवर सगळे समजत होते की निसर्गानं दिलेल्या रेणूत बदल केला तर तो दुबळाच होतो. त्या फ्लोरीनमुळे शरीरात मीठ साठायचं, ती खोड १६ नंबरवर मिथाइल लावून घालवली, आणि डेक्सामेथासोन आलं. २०२० च्या जूनमध्ये ऑक्सफर्डच्या चाचणीचा निकाल आला, व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू एक तृतीयांशानं कमी, ते हेच. साठ वर्षांपूर्वीची स्वस्तातली गोळी. आमच्या गल्लीतल्या केमिस्टकडे तेव्हा रांग लागली होती. मी खिडकीत उभी राहून ९-अल्फा-फ्लुओरो म्हणत होते, आमचे हे म्हणाले आत ये.

प्रोलीनचं तर सांगायलाच नको. स्टेरॉइडच्या सी आणि डी रिंगा जोडताना हायोश आणि पॅरिश यांनी, आणि शेरिंगमध्ये वेगळ्या लोकांनी, १९७० च्या आगेमागे चिमूटभर प्रोलीन, एक साधं अमिनो आम्ल, घालून आरशातल्या जोडीपैकी एकाच हाताचा माल मिळवला. ते का होतं हे नीट विचारायला २००० साल उजाडलं. त्याच वाटेवर २०२१ चं नोबेल. स्टेरॉइडवाल्यांच्या मांडीवर तीस वर्षं पडून होतं.

आता दुसरी वेळ सांगते, जी मी कुणाला फारशी सांगत नाही.

थीसिसनंतर मी ठाणे-बेलापूर पट्ट्यात एका कारखान्यात लागले. नाव विचारू नकोस. तिथं कंदातल्या डायोसजेनिनपासून १६-डीपीए, स्टेरॉइड औषधांचा मधला माल, करायचो. रसेल मार्कर या रसायनशास्त्रज्ञाची जुनी रीत : ॲसिटिक अनहायड्राइडबरोबर ऑटोक्लेव्हमध्ये, मग क्रोमिक ॲसिडनं शेपटी तोडायची, मग ॲसिटिक ॲसिडमध्ये उकळून ती सोडवायची. कंद हिमालयातला, डायोस्कोरिया डेल्टॉइडिया. तो इतका उपटला गेला की आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधन घालावं लागलं. बॅच शीटवर दोन आकडे : आत १०० किलो, बाहेर साठ-बासष्ट. साहेब खूश. मी गणित करायची : रेणूभार ४१४ आणि ३५६, म्हणजे सगळं सरळ झालं तरी ८६. मग मधले चोवीस-सव्वीस कुठं? आणि ८६ च्या वरचे १४ म्हणजे ती शेपटी, वजा नवा चढलेला ॲसिटिल; सत्तावीस कार्बनमधून एकवीस ठेवले की सहा उरतात, त्या सहा कार्बनचा तुकडा. त्यात एक मिथाइल, एका ठरावीक हाताचा. सुंदर तुकडा. तो कुठं? क्रोमियमच्या हिरव्या पाण्यात.

आणि हिरवं पाणी कुठं?

तेव्हा कायद्यानं बायकांना संध्याकाळी सातनंतर कारखान्यात थांबता येत नसे. मी साडेसहाच्या बसनं निघायची. टाकीची पातळी संध्याकाळी बघून जायची आणि सकाळी ती खाली गेलेली असायची. मी एकदा विचारलं. उत्तर मिळालं, "बाई, तुम्ही डीपीएचं बघा." मी डीपीएचं बघितलं. नऊ वर्षं बघितलं. रात्री काय होतं ते मला दिसत नाही, असं मी स्वतःला सांगायची, आणि ते अक्षरशः खरं होतं. सासऱ्यांचं आजारपण होतं, धाकटी दोन वर्षांची होती, नोकरी सोडून कुठं जाणार? आणि मी एकटी काय करणार होते? क्रोमियमला तेव्हा पर्याय तरी कोणता...

नाही. हे तुला लिहून काय उपयोग. पर्याय होता, शोधला नव्हता एवढंच. पुढं शांघायमध्ये लोकांनी क्रोमियम काढून हायड्रोजन पेरॉक्साइड आणलं, आणि तो सहा कार्बनचा तुकडा नीट गोळा करून दुसऱ्या रेणूंसाठी विटेसारखा वापरला. तो पेपर वाचला त्या दिवशी मी जेवले नाही. माझ्याकडे नऊ वर्षं तोच तुकडा टनांनी होता आणि बॅच शीटवर त्याच्यासाठी रकानाच नव्हता. मी रकाना आखू शकले असते. पट्टी आणि पेन लागतं फक्त.

तेव्हा विषय बदलायचा की नाही हे मला विचारू नकोस, मला त्यातलं कळत नाही आणि तुझ्या बंगलोरच्या मित्रांचा पगार मी ऐकला आहे. जायचं तर जा. पण आधी ही रिॲक्शन १०० पर्यंत नेऊन दाखव. यील्ड १०० म्हणत नाही मी, हिशेब १००. ४१ हायड्रॉक्सी. अंदाजे ५० कच्चा माल, तो माझा अंदाज आहे, तो खोटा पाड. राहिले ९, ते मला हवे आहेत. इमिन पूर्ण सुटलं नसेल, किंवा त्या ९ मध्ये बाराऐवजी दुसरीकडे कुठं ऑक्सिजन बसला असेल, आणि तसं असेल तर तुझा पेपर त्या ९ चा आहे, ४१ चा नाही. बंगलोरला गेलास तरी तिथंही कुणीतरी तुला चाळणी लावलेले आकडे देईल, गाळात काय गेलं ते तिथंही विचार.

तुझ्या फ्रीजमध्ये मागच्या महिन्याच्या बॅचचं पिवळसर तेलकट काहीतरी पन्नास मिलीच्या फ्लास्कमध्ये असेल. असतंच. त्याला हात लावू नकोस. आधी वजन कर, तीन दशांश स्थळांपर्यंत, रिकाम्या फ्लास्कचं वजन वहीत नसेल तर माल छोट्या व्हायलमध्ये काढून रिकामा पुन्हा तोल. मग कच्च्या मालाशेजारी टीएलसी, पूर्ण प्लेट, सॉल्व्हंटच्या रेषेपर्यंत, आणि फोटो न कापता. सल्फ्युरिकचा फवारा मारून तापव, यूव्हीवर विसंबू नकोस; ए रिंग ॲरोमॅटिक आहे म्हणून सगळं उमटतं आणि सगळं सारखंच दिसतं. नंतर कॉलम. घाई करू नकोस, शेवटी मिथेनॉलनं धुऊन घे, सिलिकावर बसून राहिलेलंही तुझंच आहे.

पुढच्या गुरुवारी दुपारी ये. मी घरीच असते. वही आण, लॅपटॉप नको.

तुझी,
(मॅडम म्हणू नकोस, मावशी म्हण. मॅडम म्हटलं की मला बॅच शीट आठवतं.)

ता. क. वर्कअपला (रिॲक्शन संपल्यावर धुताना) कॉपर धरून ठेवणारं ईडीटीए घातल्यावर तो निळा पाण्याचा थर तू सिंकमध्ये ओतलास का? खरं सांग. त्यातलं कॉपर कुठं गेलं, हेही वहीत हवं.